बोंड बोटाले टोचते : आठवी-नववीच्या वर्गासाठी कवितेचे सराव

आठवीच्या वर्गात ‘पाऊस’ या विषयावर कविता लिहायला सांगा आणि चाळीस वह्या गोळा करा. तीसेक वह्यांत तोच पाऊस सापडेल: रिमझिम येणारा, मोर नाचवणारा, धरणीमायला हिरवा शालू नेसवणारा. यातल्या बहुतेक मुलांनी आयुष्यात नाचणारा मोर पाहिलेला नसतो. मात्र त्याच आठवड्यात आठ दिवसांची झड बसलेली असते, वावरात पाणी साचलेलं असतं, सोयाबीन पिवळं पडत असतं आणि घरात ओल्या कपड्यांचा कुबट वास असतो. हा पाऊस वहीत येत नाही, कारण तो कवितेचा पाऊस आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी मराठी शिकवते. पुढचे सराव माझ्या वर्गात बरीच वर्षं घडत-मोडत तयार झाले आहेत. त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मुलाला विषय देऊ नये, वस्तू द्यावी, आणि त्या वस्तूचं घरातलं नाव त्याच्याकडूनच घ्यावं. बाकी सगळं त्यातून निघतं.

सुरू करण्याआधी

आठवडी एक तास पुरतो. शनिवारची सकाळची शाळा असेल तर शेवटचा तास मागून घ्या. पाठकोऱ्या कागदांची दोऱ्यानं शिवलेली वेगळी वही प्रत्येकाकडे हवी. मराठीच्या नेहमीच्या वहीत हे लिहून घेऊ नका, त्या वहीला लाल पेनाची सवय असते. या वहीत गुण नाहीत, शेरा नाही आणि शुद्धलेखनाच्या खुणाही नाहीत. हे पहिल्याच दिवशी सांगा आणि वर्षभर पाळा. मी एकदा मोडलं होतं, त्याची किंमत पुढे सांगते.

दहावीला हे नको. त्यांच्यावर बोर्डाचं ओझं असतं आणि जानेवारीनंतर त्यांच्याकडून काही मागणं बरोबर नाही. आठवी-नववी हेच खरं वय.

पहिला सराव : शब्दवेचणी

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते. उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात हा सराव घ्या. घरी सांगायचं काम एवढंच: पाठ्यपुस्तकात कधीच न सापडलेले दहा शब्द आणायचे. आजीला, आबाजीला, वावरात काम करणाऱ्या मावशीला विचारून आणायचे. प्रत्येक शब्दासोबत तो कोण, कधी बोलतं हेही लिहायचं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर शब्द मांडा. धुरा (शेताचा बांध), डवरा, सरतं, उलंगवाडी, पऱ्हाटी, झड, निंदण, सीतादही. ‘उलंगवाडी’ म्हणजे कापसाचा हंगाम संपून पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटायची वेळ, हे अर्ध्या वर्गाला माहीत असतं. उरलेल्या अर्ध्यांना ते आपल्याच सोबत्याकडून कळतं. इथे शिक्षकानं मागे राहावं. अर्थ मुलांनीच एकमेकांना सांगावा, वाद झाला तर होऊ द्यावा.

झाडीपट्टीतल्या शाळांमध्ये ही यादी पार वेगळी निघेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे बांधी, रोवणी, बोडी, मोहफूल असे शब्द येतील. मेळघाटातल्या मुलाची घरची भाषा कोरकू असते, आमच्या भागात काही घरांत कोलामी, पूर्वेकडे गोंडी. त्या मुलांना मराठीच शब्द आणायची सक्ती करू नका. त्यांच्या भाषेतला शब्द देवनागरीत लिहून फळ्यावर येऊ द्या. वर्गात वर्षभर गप्प बसणारी पोरगी आपल्या शब्दाचा अर्थ सांगायला उभी राहते, तेव्हा तुमच्या लक्षात येतं की ती इतके दिवस दुसऱ्याच्या अंगणात बसली होती.

हे सगळे शब्द एका मोठ्या पुठ्ठ्यावर लिहून वर्गात टांगा. वर्षभर त्यात भर पडत राहील. पुढच्या प्रत्येक सरावात एकतरी शब्द या पुठ्ठ्यावरून घ्यायचा, हा नियम ठेवा.

दुसरा सराव : एक बोंड, पस्तीस मिनिटं

बाकी सगळं सोडलं तरी चालेल, पण हा सराव सोडू नका.

कापूस फुटला की प्रत्येकानं एक फुटलेलं बोंड घेऊन यायचं. कापूस नसलेल्या भागात तुरीची शेंग, धानाची लोंब, संत्र्याची साल, काहीही चालतं. फक्त ते हातात मावलं पाहिजे आणि मुलांच्या रोजच्या पाहण्यातलं असलं पाहिजे.

पहिली पाच मिनिटं लिहायचं नाही. बोंड हातात फिरवायचं, डोळे मिटून गालाला लावायचं, वास घ्यायचा, कानाशी धरून सरकी हलवून पाहायची. गडबड होईल. होऊ द्या, पाच मिनिटांत ती आपोआप निवते.

पुढची दहा मिनिटं फक्त नोंदी. वाक्यं नकोत, तुकडे हवेत. काय दिसतं, किती आहे, कुठे टोचतं, कोणत्या रंगाचा डाग आहे. या दहा मिनिटांसाठी काही शब्दांना बंदी घाला: सुंदर, छान, मनमोहक, निसर्ग, जणू, शुभ्र. बंदीची यादी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. ‘शुभ्र’ अडवला की मूल नीट पाहायला लागतं. एका बोंडातला कापूस पांढरा नसतोच, त्याच्या एका पाकळीवर अळीचा पिवळट डाग असतो. तो डाग घरात किती महत्त्वाचा असतो ते मुलाला चांगलं माहीत असतं, कारण त्याच डागावर व्यापारी भाव पाडतो.

मग एकच प्रश्न विचारा: हे बोंड तुमच्या घरात कोणाच्या हातात असतं? त्या माणसाचं नाव लिहा, हात कसे दिसतात ते लिहा. पाच मिनिटं.

शेवटची पंधरा मिनिटं कवितेची. नोंदींतले सहा तुकडे निवडायचे, एकाखाली एक मांडायचे आणि त्यात ते हात कुठेतरी आणायचे. यमक नको. सहा ते आठ ओळी. शेवटच्या ओळीत काही सांगायचं नाही, काहीतरी दाखवायचं. ‘शेतकरी खूप कष्ट करतो’ अशी ओळ आली तर तिच्यावर काट मारू नका, शेजारी प्रश्न ठेवा: ‘कसं कळलं तुला? काय पाहिलंस?’ उत्तरात जे येईल ती खरी ओळ.

आता माझी चूक. एका वर्षी नववीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं होतं:

माय कापूस वेचते
बोंड बोटाले टोचते

माझ्या हातात लाल पेन होतं आणि सवयीनं मी ‘बोटाले’ला गोल करून वर ‘बोटाला’ लिहिलं. तिनं ती कविता वर्गात वाचली नाही. पुढचे दोन महिने तिच्या वहीत पुस्तकी मराठीतल्या सरळसोट चार ओळी येत राहिल्या. एक दिवस मीच त्या दोन ओळी मोठ्यानं म्हणून पाहिल्या. ‘वेचते’, ‘बोटाले’, ‘टोचते’: तिन्ही शब्दांच्या शेवटी ‘ए’ येतो, दुसरी ओळ त्या एकाच स्वरावर टोचत जाते. ‘बोटाला’ केलं की ती टोच बोथट होते. पोरीच्या कानानं जे बरोबर केलं होतं ते माझ्या पेनानं बिघडवलं होतं. मी तिची माफी वर्गात मागितली, कारण खूणही तिच्या वहीवर वर्गातच केली होती.

म्हणून सांगते, ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘डोया’ हे शब्द या वहीत जसेच्या तसे राहू द्या. परीक्षेतली प्रमाण भाषा मुलांना यायलाच हवी, तिचा सराव वेगळ्या तासाला, वेगळ्या वहीत घ्या. मुलांना दोन्हींतला फरक नीट कळतो. घरी आणि शाळेत ती रोज वेगळं बोलतातच.

तिसरा सराव : बोटांवर मोजून अभंग

मुक्त लिहिण्यासोबत मोजून लिहायचीही गोडी लावा. छंद, वृत्त म्हटलं की मुलं घाबरतात. अभंग मात्र बोटांवर मोजता येतो.

धाकट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि शेवटी यमक. वरच्या दोन ओळी मोजा: मा-य-का-पू-स-वे-च-ते, आठ. बों-ड-बो-टा-ले-टो-च-ते, आठ. त्या मुलीला अभंग शिकवलेला नव्हता. भजनी मंडळ आणि सामुदायिक प्रार्थना ऐकून ऐकून तो तिच्या कानात बसला होता. आपल्या गावांतली बहुतेक मुलं ही पुंजी घेऊनच वर्गात येतात.

थोरल्या अभंगात चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. मी फळ्यावर मुलांसमोरच करून दाखवते. पहिली ओळ सुचते ‘आकाशात ढग दाटले’. मोजलं तर नऊ. तीन अक्षरं जास्त. मुलांना विचारायचं, काय काढू? कुणीतरी म्हणतं, ढग आकाशातच असतात, मग ‘आकाशात’ कशाला? बरोबर. उरलं ‘ढग दाटले’, पाच. एक कमी. ‘ढग आले दाट’, सहा. अशीच पुढे जात ही रचना तयार झाली:

ढग आले दाट
पेरा नाही पुरा
ओला झाला धुरा
वावराचा

मोजणीचे दोन नियम सांगून ठेवा. जोडाक्षर एकच अक्षर, म्हणजे ‘प्रश्न’ दोन अक्षरांचा आणि ‘पऱ्हाटी’ तीन. ऱ्हस्व-दीर्घाचा इथे हिशेब नाही, काना-वेलांटी कशीही असो, अक्षर एकच. बोटं मोजताना मुलं शब्द तोलायला शिकतात, आणि फुकटचे शब्द त्यांना स्वतःलाच खुपायला लागतात. पंधरा मिनिटं समजावायला, वीस मिनिटं जोडीजोडीनं रचायला. एकट्यानं करायला लावलं तर अर्धी मुलं अडतात.

अभंग जमला की ओवी. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता ओवीतच आहे, त्यामुळे त्यांचं गुरुदेव सेवा मंडळ असलेल्या गावात चाल शिकवावी लागत नाही. पहिल्या तीन चरणांचं यमक, चौथा लहान आणि मोकळा. नमुन्याला एक देते:

तुरीले आला बहर पिवळा,
शिवारावर ढग आला काळा,
मायनं थांबवला हातातला विळा,
बाबा गप्प.

चौथ्या चरणाकडे मुलांचं लक्ष वेधा. तीन वेळा यमक आल्यावर कान चौथ्याची वाट पाहतो आणि ते येत नाही. बहरात आलेल्या तुरीला ढगाळ हवा काय करते हे मुलांना सांगावं लागत नाही, म्हणून ‘गप्प’ एवढ्यानंच भागतं. जात्यावरची ओवी याहून सैल, बहुधा दोन ओळींची. ती आजीकडून ऐकून आणायला सांगा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली तर फारच चांगलं.

चौथा सराव : पोळ्याची झडती

श्रावणी अमावास्येला पोळा. त्याच्या आधीच्या शनिवारी हा तास ठेवा, मुलांच्या अंगात आधीच झडत्या घुमत असतात. तोरणाखाली बैल उभे राहतात, एक जण झडती म्हणतो आणि शेवटी सगळे महादेवाचा जयघोष करतात. ही जिवंत, तोंडी, गावापुढे उभं राहून म्हणायची कविता आहे. तिच्यात नवस असतो, टोमणा असतो, सरकारला आणि सावकाराला जाब असतो.

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटानं आधी यंदाच्या हंगामातल्या तीन गोष्टी लिहायच्या, खऱ्या, आपल्या गावातल्या. मग त्यांतून दोन किंवा चार ओळी रचायच्या. ओळीच्या शेवटी दणकट यमक हवं, म्हणताना पाय आपटता आला पाहिजे. एका वर्षी असं निघालं:

सोयाबीन गेलं पाण्यात, कापूस गेला अळीत,
बैल उभे तोरणाखाली, मालक बँकेच्या ओळीत!

गटांनी झडत्या मैदानात उभं राहून म्हणायच्या, वर्गानं जयघोष करायचा. ज्या झडतीवर आवाज चढतो ती जमली. दुसरी कसोटी लावू नका.

मुलींनाही झडती म्हणू द्या. तोरणाखाली त्यांना सहसा संधी मिळत नाही. मुलींचं स्वतःचं गाणं पुढे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या रूपानं येतंच. त्या महिन्यात पालुपदाचा सराव घ्या: एकच ओळ दर दोन ओळींनंतर परत यायची, आणि दर वेळी तिचा अर्थ थोडा बदललेला असायचा. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाणारी महदंबा तेराव्या शतकात आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, रचत होती, हे या निमित्तानं वर्गाला सांगा. कविता पुण्या-मुंबईहून येते असं मुलांना वाटत असतं.

पाचवा सराव : सोयरीक

उपमा शिकवण्यासाठी हा सराव. दोन डबे घ्या. एकात घरातल्या-शिवारातल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या: मोटारपंप, दावं, एसटीचा थांबा, कंदील, निवद. दुसऱ्यात माणसं आणि त्यांच्या सवयी: आजोबाचा खोकला, बहिणीचं लग्न, दादाचं पुण्याला जाणं, मायचं गप्प राहणं. प्रत्येकानं दोन्ही डब्यांतून एकेक चिठ्ठी काढायची आणि त्यांची सोयरीक जमवायची. दोघांत काय सारखं आहे अशी तीन कारणं लिहायची, पहिलं कारण खोडून टाकायचं. पहिलं कारण सगळ्यांना सुचतं, तिसरं फक्त त्या मुलाचं असतं.

‘आजोबाचा खोकला’ आणि ‘मोटारपंप’ एका मुलाच्या वाट्याला आले. पहिलं कारण: दोघांचा आवाज मोठा. दुसरं: दोघं रात्री चालतात, कारण शेतीची लाइन रात्री येते. तिसरं: विहिरीत पाणी नसलं तरी पंप चालतच राहतो. त्या तिसऱ्या कारणावर वर्ग शांत झाला होता.

शेवटी ‘सारखा’, ‘जसा’, ‘जणू’ काढून ओळ परत वाचायला लावा. काढल्यावरही उभी राहिली तर तशीच ठेवा.

ज्या विषयाला हात लावताना थांबावं

‘शेतकऱ्याची व्यथा’ असा विषय मी कधीच देत नाही, तुम्हीही देऊ नका. आपल्या भागातल्या वर्गात बाप गमावलेलं मूल बसलेलं असू शकतं. त्याच्या घरची गोष्ट सगळ्यांनी शब्दांनी सजवून वाचावी आणि त्यानं ऐकत बसावं, हे क्रूर आहे. त्या मुलाला लिहायचं असेल तर ते आपल्या वाटेनं लिहील, एखाद्या चपलेबद्दल, खुंटीवरच्या टोपीबद्दल. तोवर थांबा.

वहीत घडीचा नियम ठेवा. ज्या पानाची घडी घातली आहे ते पान शिक्षकानंही उघडायचं नाही. कोणालाही वाचायला उभं करायचं नाही, ‘मी आज ऐकतो’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला.

मात्र एखाद्या मुलानं स्वतःहून दाखवलेल्या लेखनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार दिसला, घरात मारहाण दिसली, तर त्या क्षणी ती कविता राहत नाही. त्याच दिवशी मुलाशी एकांतात बोला, मुख्याध्यापकांना सांगा. घरची माणसं आधाराची असतील तर त्यांना, नाहीतर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक वर्गाच्या दाराजवळ कायमचे लिहून ठेवा.

निंदण : पुन्हा लिहिणं

मुलांना पुनर्लेखन म्हटलं की शिक्षा वाटते. निंदण म्हटलं की लगेच कळतं. पीक तेच, फक्त तण काढायचं. पण तण कोणतं हे ओळखायला प्रश्न लागतात. हा एक कच्चा खर्डा पाहा:

माझ्या गावात एक सुंदर विहीर आहे
तिच्यात खूप पाणी आहे
उन्हाळ्यात ती कोरडी होते
आम्हाला खूप दुःख होते

मी खुणा केल्या नाहीत, फक्त विचारत गेले. कोणाची विहीर? पाटलाची. ‘खूप’ पाणी म्हणजे किती? पायऱ्या बुडतात. किती पायऱ्या? मुलगा म्हणाला, मोजून येतो. दुसऱ्या दिवशी मोजून आला, एकोणीस. झडीत किती दिसतात? तीन. आणि आटल्यावर तळाशी काय दिसतं? यावर तो बराच वेळ विचार करत बसला. मग त्यानं लिहिलं:

पाटलाच्या विहिरीला पायऱ्या एकोणीस.
झडीत तीन दिसतात.
वैशाखात एकोणीसही दिसतात
आणि खाली
कोणाचीतरी हरवलेली बादली.

‘दुःख’ हा शब्द गेला. यानंतर मुलं एकमेकांना विचारायला लागली: ‘किती? कोणाचं? तुला कसं कळलं?’ हे तीन प्रश्न त्या शब्दांच्या पुठ्ठ्याशेजारी लिहून टांगा. निंदणाचा तास जोडीनं घ्या. एकानं कविता वाचायची, दुसऱ्यानं फक्त प्रश्न विचारायचे, मत द्यायचं नाही. मग घरी नेऊन तीन शब्द कमी करून आणायचे.

वर्षाची आखणी

शब्दवेचणी जुलैत, झडीच्या दिवसांत अभंग, पोळ्याला झडती, भुलाबाईला पालुपद. दिवाळीनंतर वेचणीला जोर येतो, हजेरी घटते. मुली घरच्या मजुरीला हात लावतात किंवा धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. बोंडाचा सराव याच दिवसांत ठेवा आणि जी मुलं येऊ शकली नाहीत त्यांच्या वह्या शेजारच्या मुलांबरोबर पाठवा. अशा वह्यांत कधीकधी वर्गातल्यापेक्षा जास्त सापडतं. सोयरीक आणि निंदण जानेवारीत.

परिपाठात रोज एक कविता वाचली जावी, कवीचं नाव सांगून, तिसऱ्या ओळीच्या आत माइक बंद पडला तरी. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, तोवर हस्तलिखित तयार होतं. प्रत्येकानं आपली एकच कविता निवडायची, आपल्याच अक्षरात, शाईपेनानं. पाठीमागे दोन पानं त्या वर्षीच्या शब्दांची, अर्थासह, कोणाच्या आजीनं दिला त्या नोंदीसह. सुतळीनं शिवून, पुठ्ठ्याला जुनी साडी लावून ते ग्रंथालयाच्या कपाटात ठेवायचं. जूनच्या शेवटी नवीन आठवी वर्गात आली की पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही, हे हस्तलिखित उघडते आणि मागच्या दोन पानांपासून वाचायला लावते.